हलकी सायकल : कुठे हलकी, किती हलकी?

आमची अकरा वर्षांची भाची गेल्या वर्षापासून डोंगरी सायकलींच्या शर्यतींत भाग घेऊ लागली आहे. उतारावर ती निर्भय आहे, वळणे सफाईने घेते. पण चढ आला की मागे पडते. पहिल्या दोन शर्यतींत तर तिला चढावर उतरून सायकल ढकलत न्यावी लागली. दुसऱ्या शर्यतीनंतर ती आम्हाला म्हणाली, "मामा, माझ्यात ताकदच नाही." मोठ्यांपैकीही एकदोघांनी मान डोलावली.

ताकद नाही हे विधान तपासून पाहता येण्याजोगे आहे, आणि जे तपासता येते ते न तपासता मान्य करू नये, असे आपणच वर्गात शिकवतो. म्हणून आम्ही आधी सायकल तपासायचे ठरवले.

घरच्या वजनकाट्यावर सायकल हातात धरून उभे राहिलो, मग सायकलीशिवाय. दोन्ही आकड्यांतील फरक आला १३ किलो. शाळेच्या आरोग्य तपासणीत भाचीचे वजन ३० किलो नोंदलेले होते. म्हणजे सायकलीचे वजन तिच्या वजनाच्या ४३ टक्के! ७० किलोच्या माणसाला याच प्रमाणात सायकल द्यायची तर ती ३० किलोंची होईल. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर साधारण तेवढेच भरते. ते बरोबर घेऊन टेकडी चढायला आपल्याला कुणी सांगितले, तर आपणही वाटेत उतरूच.

लहान मुलांची सायकल म्हणजे मोठ्यांची सायकल आकाराने कमी केलेली, अशी आपली समजूत असते. पण नळ्या, नट, साखळी, ब्रेक हे भाग आकाराबरोबर फारसे हलके होत नाहीत. मुलाचे वजन निम्म्याहून कमी, सायकलीचे मात्र जवळजवळ तेवढेच, अशी स्थिती होते.

चढाचा हिशेब

चढावर सायकलस्वाराला दोन गोष्टींविरुद्ध काम करावे लागते : गुरुत्वाकर्षण आणि टायरचा घरंगळण्याचा रोध. वेग कमी असल्याने हवेचा विरोध येथे सोडून देता येतो. आमच्या सरावाची चढण २ किलोमीटर लांब आहे आणि चढ सरासरी ८ टक्के, म्हणजे १०० मीटर अंतराला ८ मीटर उंची. कच्च्या वाटेवरचा टायरचा रोध वजनाच्या सुमारे २ टक्के धरू. म्हणजे एकूण वजनाच्या १० टक्के बल सतत लावावे लागणार.

मुलगी ३० किलो, सायकल १३ किलो, शिरस्त्राण व पाणी मिळून १ किलो. एकूण ४४ किलो. वजन सुमारे ४३१ न्यूटन, त्याचे १० टक्के ४३ न्यूटन. सराव असलेल्या या वयाच्या मुलीला वीसेक मिनिटे टिकेल अशी शक्ती आम्ही ७५ वॅट धरली. शक्ती भागिले बल म्हणजे वेग : ७५ ÷ ४३.१ = १.७४ मीटर प्रतिसेकंद. २ किलोमीटरला १९ मिनिटे १० सेकंद लागतील.

आता सायकल ९ किलोंची असती तर? एकूण ४० किलो, बल ३९.२ न्यूटन, वेग १.९१ मीटर प्रतिसेकंद, वेळ १७ मिनिटे २५ सेकंद. पावणेदोन मिनिटांची बचत, म्हणजे सुमारे ९ टक्के. हेच ४ किलो ७० किलोच्या माणसाच्या सायकलीतून कमी केले, तर एकूण ८४ किलोंतून ४ जातात आणि बचत ५ टक्क्यांहून थोडी कमी होते. हलक्या सायकलीचा फायदा मोठ्या खेळाडूंपेक्षा मुलांना जवळजवळ दुप्पट होतो, आणि बाजारात हलक्या सायकली मात्र मोठ्यांसाठी असतात.

हलकेपणा आणि मजबुती

सायकल हलकी करायची म्हटले की पहिला प्रश्न येतो सांगाड्याचा. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, टायटेनियमची ४.५ पट, ॲल्युमिनियमची २.७ पट. मग ॲल्युमिनियमच हलके, हे उघड आहे असे वाटते. पण यंग गुणांक पाहा : पोलाद २००, टायटेनियम ११० आणि ॲल्युमिनियम ७० गिगापास्कल. गुणांकाला घनतेने भागा. तिन्ही उत्तरे २४ ते २६च्या दरम्यान येतात. वजनाच्या मानाने ताठपणा तिन्ही धातूंत सारखाच! मग ॲल्युमिनियमच्या सायकली हलक्या कशा होतात?

उत्तर नळीच्या आकारात आहे. पातळ नळीचे वजन तिचा व्यास आणि जाडी यांच्या गुणाकारावर ठरते. वाकण्याला होणारा विरोध मात्र व्यासाचा घन गुणिले जाडी असा वाढतो. व्यास दुप्पट आणि जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहते, पण ताठपणा ८ गुणिले ½ म्हणजे ४ पट होतो. पोलादी नळीत हे फार ताणता येत नाही, कारण पत्रा कागदासारखा पातळ होतो आणि दगड लागताच पोचा पडतो. ॲल्युमिनियमची घनता कमी असल्याने नळी रुंद करूनही पुरेशी जाड ठेवता येते. ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या जाडजूड दिसतात त्याचे कारण हेच.

धातू निवडताना आणखी एक गोष्ट पाहावी लागते. एका विशिष्ट मर्यादेखालचा ताण पोलाद कितीही वेळा सहन करू शकते. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान ताणही लाखो वेळा आला की भेग पडू शकते. म्हणून ॲल्युमिनियमचे हँडल बरीच वर्षे वापरल्यावर किंवा जोरात आपटल्यावर बदलणे शहाणपणाचे.

भाचीचा सांगाडा ॲल्युमिनियमचाच होता आणि दोन वर्षांत तो तिला लहान पडणार होता. तो आम्ही तसाच ठेवला आणि इतर भागांकडे वळलो.

सर्वांत जड आणि सर्वांत निरुपयोगी

पुढच्या चिमट्यात स्प्रिंग होत्या. दुकानात या चिमट्याचीच सर्वांत जास्त तारीफ झाली होती. त्याचे वजन २ किलो ३०० ग्रॅम. तो किती काम करतो हे पाहायला आम्ही त्याच्या आतल्या दांडीवर एक रबरी कडी चढवली. मुलगी सीटवर बसली की स्प्रिंग दबते आणि कडी सरकते. जेवढी सरकेल तेवढा दाब. एकूण ५० मिलिमीटरच्या हालचालीपैकी नुसते बसल्यावर साधारण पाचवा भाग, म्हणजे १० मिलिमीटर, दाबले जायला हवे. कडी सरकली फक्त ४ मिलिमीटर. दगडधोंड्यांच्या वाटेवर पूर्ण फेरी मारून आली तेव्हा कडी १८ मिलिमीटरवर होती.

हूकचा नियम येथे स्पष्ट दिसतो. स्प्रिंग किती दबेल हे तिच्यावरच्या भाराच्या प्रमाणात ठरते, आणि ही स्प्रिंग दुप्पट वजनाच्या स्वारासाठी बनवलेली होती. तिच्या दृष्टीने तो चिमटा म्हणजे सव्वादोन किलोंची जवळजवळ ताठ दांडी होती. त्याजागी आम्ही ८०० ग्रॅमचा साधा ॲल्युमिनियमचा चिमटा बसवला. एकाच फेरबदलात दीड किलो गेले. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. नव्या चिमट्याची उंची जुन्याएवढीच हवी. तो आखूड असला तर सायकलीचे तोंड खाली येते, पुढचा कोन उभा होतो आणि उतारावर हँडल अस्थिर वाटू लागते.

मग धक्के कोण शोषणार? टायर. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. टायर जमिनीला किती क्षेत्रफळात टेकतो हे ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब एवढे असते. मागच्या चाकावर एकूण वजनाच्या ६० टक्के भार धरला, तर भाचीच्या बाबतीत तो २४ किलो, म्हणजे २३५ न्यूटन होतो. दुकानातला मुलगा सवयीने ३५ पौंड हवा भरतो. एवढ्या दाबाला (२४० किलोपास्कल) टेकणारे क्षेत्रफळ येते सुमारे १० चौरस सेंटिमीटर. सायकलीसह ८० किलोच्या मोठ्या स्वाराला त्याच दाबात २० चौरस सेंटिमीटर मिळतात. तेवढीच पकड आणि तेवढाच मऊपणा मुलीला मिळायचा, तर दाब निम्मा, १७-१८ पौंड हवा. तो तसा केला त्याच दिवशी ती म्हणाली, "सायकल उड्या मारायची थांबली." यालाही मर्यादा आहे. हवा फारच कमी असली तर दगडावर रिम टेकते आणि ट्यूब दोन ठिकाणी कापली जाते. तेव्हा दाब एकेक पौंडाने कमी करत जावे.

चाकाचे वजन दुप्पट मोजायचे का?

'चाकातला एक ग्रॅम म्हणजे सांगाड्यातले दोन ग्रॅम' असे सायकलवाल्यांत नेहमी बोलले जाते. हे अर्धे खरे आहे. चाकाचा परिघ सायकलीबरोबर पुढे तर जातोच, शिवाय स्वतःभोवती फिरतो. पुढे जाण्याची गतिज ऊर्जा ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. परिघावरच्या वस्तुमानाची फिरण्याची ऊर्जाही नेमकी तेवढीच. म्हणून वेग वाढवताना टायरचे वजन दुप्पट मोजावे लागते. पण एकसारख्या वेगाने चढ चढताना गतिज ऊर्जा बदलतच नाही. तेव्हा टायरमधला ग्रॅम एकदाच मोजायचा.

आम्ही जड टायर-ट्यूब बदलून ७०० ग्रॅम कमी केले. २ किलोमीटरच्या चढणीत उंची १६० मीटर, ०.७ × ९.८ × १६० = सुमारे ११०० ज्यूल वाचले. आता वळणांकडे पाहू. ताशी २० किलोमीटरला (५.५६ मीटर प्रतिसेकंद) या ७०० ग्रॅमची दुहेरी गतिज ऊर्जा २१.६ ज्यूल. वळणावर वेग निम्मा झाला की तिचा पाऊण भाग, १६ ज्यूल, ब्रेकमध्ये जळतो आणि पुन्हा पायांनी भरून काढावा लागतो. शर्यतीत अशी ५० वळणे आली तर ८०० ज्यूल. चढाइतके नाहीत, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत. रस्त्यावरच्या सायकलीला हा फायदा फारसा मिळत नाही, डोंगरी सायकलीला मिळतो. फरक वाटेच्या वळणांनी पडतो.

गिअर : आमचा एक चुकलेला अभिमान

जुन्या सायकलीला पुढे ४२, ३४ आणि २४ दातांची तीन चाके होती, मागे १४ ते २८ दातांची. सर्वांत हलका गिअर २४/२८ म्हणजे ०.८६. आम्ही पुढे ३० दातांचे एकच चाक ठेवले आणि मागे ११ ते ४२ दातांचा संच बसवला. त्यासाठी मागचे चाक नव्या हबवर विणून घ्यावे लागले. आता सर्वांत हलका गिअर ३०/४२, म्हणजे ०.७१. पुढची दोन चाके, साखळी सरकवणारे यंत्र, त्याची तार आणि हँडलवरचा खटका हे सगळे गेले. क्रँकही बदलली. जुनी १६५ मिलिमीटरची होती. एवढ्या लांब क्रँकमुळे पाय वर आला की मुलीचा गुडघा छातीपर्यंत येत असे. नवी १४० मिलिमीटरची घेतली.

गिअर एवढा हलका झाल्यावर पायडल मारणे खूपच सोपे होईल, अशी आमची खात्री होती. पण मुलगी म्हणाली, "थोडंसंच सोपं वाटतं." मग आम्ही पुन्हा कागद घेतला. २४ इंची चाकाचा परीघ १.९० मीटर. जुन्या सायकलीत क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल १.६३ मीटर पुढे जायची आणि पाऊल २ × ३.१४ × ०.१६५ = १.०४ मीटर फिरायचे. गुणोत्तर १.५७. नव्या सायकलीत ती एका फेऱ्यात १.३६ मीटर पुढे जाते, पाऊल ०.८८ मीटर फिरते. गुणोत्तर १.५५! तरफेचा नियम आम्ही विसरलो होतो. क्रँक आखूड केल्याने तरफेचा हात लहान झाला, आणि गिअरने मिळवलेले जवळजवळ सगळे तेथेच खर्च झाले. गुडघ्याचा त्रास गेला हा फायदा खरा, पण जोर तेवढाच लागत होता.

मग पुढचे चाक ३०ऐवजी २८ दातांचे लावले. आता एका फेऱ्यात १.२७ मीटर, गुणोत्तर १.४४. चढावर १.९१ मीटर प्रतिसेकंद वेगाला पाय मिनिटाला ९० फेरे घेतात. लहान मुलांना असे हलके आणि भरभर पायडल मारणे मानवते. सर्वांत जड गिअर २८/११, म्हणजे एका फेऱ्यात ४.८४ मीटर. ९० फेऱ्यांना ताशी २६ किलोमीटर. त्याहून जास्त वेग उतारावर येतो, आणि तेथे पायडल मारायचे नसते, तोल सांभाळायचा असतो.

शेवटी वजनाची वजावट अशी झाली :

चिमटा : १५०० ग्रॅम
क्रँक, पुढचे गिअर व खटका : ८०० ग्रॅम
टायर आणि ट्यूब : ७०० ग्रॅम
स्टँड, मडगार्ड, साखळीचे झाकण इत्यादी : ५०० ग्रॅम
सीट व तिची दांडी : ३५० ग्रॅम
पायडल : १५० ग्रॅम
एकूण : ४००० ग्रॅम

यातले स्टँड-मडगार्डचे अर्धा किलो नुसत्या पान्याने निघाले. घंटी आणि मागचा लाल परावर्तक मात्र रस्त्यावर जाताना पुन्हा लावायचा, हा आमचा नियम आहे.

कुठे हात लावायचा नाही

वजन कमी करण्याचा नाद वाईट असतो. ४ किलो कमी झाल्यावर आम्हाला आणखी काही ग्रॅम खुणावू लागले. हँडल धरणाऱ्या सहा पोलादी स्क्रूंच्या जागी ॲल्युमिनियमचे स्क्रू आणले. बचत सगळी मिळून १८ ग्रॅम. बसवताना त्यातला चौथा स्क्रू पान्याखाली तुटला. तो टेबलावर तुटला म्हणून आम्ही हे शांतपणे लिहू शकतो. उतारावर तुटला असता, तर हँडल मुलीच्या हातात राहिले असते आणि सायकल वेगळीकडे गेली असती. त्याच संध्याकाळी पोलादी स्क्रू परत लावले. हँडल, हँडलची पकड, चिमट्याची दांडी आणि ब्रेक या चार ठिकाणी ग्रॅम मोजायचे नाहीत, हे तेव्हा ठरले. हँडल फक्त दोन्ही बाजूंनी कापून तिच्या खांद्यांच्या मापाचे केले आणि ब्रेकचा खटका तिच्या बोटांना पोहोचेल इतका जवळ आणला.

ब्रेकचे काम किती मोठे आहे पाहा. ४० किलो वस्तुमान १०० मीटर खाली आले, की ३९ हजार ज्यूल ऊर्जेची वाट लावावी लागते. ती सगळी दोन ब्रेकच्या १००-१०० ग्रॅमच्या पोलादी चकत्यांत साठली, तर त्यांचे तापमान सुमारे ४०० अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण बरीचशी उष्णता वारा घेऊन जातो. चकतीला भोके असतात ती काही नक्षी नव्हे.

डोंगरी सायकलीच्या इतिहासातही ही उष्णता आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या जाड टायरच्या जुन्या, वजनदार सायकली घेऊन डोंगरावरून सुसाट खाली येत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे. उतार संपेपर्यंत हब इतका तापे, की आतले ग्रीस जळून धूर होई आणि दर वेळी नवे भरावे लागे. म्हणून १९७६ साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे पडले. त्या मंडळींपैकी जो ब्रीझ यांनी पुढच्या वर्षी अशा वाटांसाठी खास सांगाडा बनवायला घेतला. १९९६ मध्ये अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला.

पण फरक वजनामुळेच पडला का?

नव्या सायकलीवर भाची चढण न उतरता चढली. वेळ दोन मिनिटांहून अधिक सुधारली. आमचे गणित पावणेदोन मिनिटे सांगत होते. म्हणजे सिद्धान्त खरा ठरला? नाही. दरम्यान टायरचा दाब बदलला होता, गिअर बदलले होते, मधल्या दोन महिन्यांत तिचा सराव झाला होता आणि नवी सायकल मिळाल्याचा उत्साह होता. यातला वजनाचा वाटा किती, हे अशाने कळत नाही.

मग आम्ही एक लिटरच्या चार बाटल्या सांगाड्याला घट्ट बांधल्या. एक दिवस पाणी भरून, एक दिवस रिकाम्या, असे सहा दिवस तीच चढण. इतर सर्व तेच. सरासरी फरक निघाला १ मिनिट ३५ सेकंद. अपेक्षेपेक्षा थोडा कमी, पण जवळचा. बाटल्या भरलेल्या आहेत हे तिला ठाऊक होते आणि चाचण्या तीन-तीनच झाल्या, हे या प्रयोगाचे दोष. आपल्या शाळेत दोन-चार सायकली आणि एखादा चढ असेल, तर विद्यार्थ्यांनी हा प्रयोग जरूर करावा आणि हे दोष कसे काढता येतील, यावर वर्गात चर्चा घ्यावी.

शिक्षकांना आणखी एक विनंती. एकूण वजन म्हणजे स्वार अधिक सायकल. गणितात दोन्ही किलो सारखेच असतात. त्यामुळे 'सायकल हलकी होते, तर मूल का नाही?' असा प्रश्न एखादा उत्साही पालक किंवा प्रशिक्षक विचारू शकतो. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा विचार मनातही आणू नये. सायकलीतून काढलेला किलो पोलादाचा असतो. मुलातून काढलेला किलो हाडांचा, स्नायूंचा आणि वाढीचा असतो. ७५ वॅट ज्यातून येतात, तेच आपण काढून घेऊ. आमच्या घरी काट्यावर फक्त सायकल चढते.

परवाच्या शर्यतीत भाची पहिली आली नाही, पाचवीही आली नाही. पण दोन्ही चढ ती सायकलीवर बसून चढली. घरी आल्यावर बाटल्यांच्या प्रयोगाची वही तिने स्वतः उघडली, आकडे पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "मामा, भरलेल्या बाटल्या घेऊनसुद्धा मी तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा लवकर चढले होते. हे कशाने?"

याचे उत्तर सायकलीत नव्हते. ते तिला आम्ही शोधायला सांगितले आहे.